नौलीची रुजुवात

दरवर्षी २१ जूनला, योगदिनी, धरणगावच्या शाळांतील मुले सतरंज्यांवर ओळीने बसून श्वास मोजतात, त्या प्रघाताचे कुळ शोधू जाणाऱ्याने हिमालयाकडे दृष्टी न लावता सुरत-भुसावळ लोहमार्गाने पश्चिमेस अमळनेर गाठावे. तेथील खानदेश एज्युकेशन सोसायटीत अध्यापन करणारे जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच पुढचे स्वामी कुवलयानंद, हे योगविद्येची रुजुवात यंत्रापुढे घालणाऱ्या पहिल्या मंडळींपैकी होत. प्रतापशेठांनी १९१६ साली स्थापिलेल्या तत्त्वज्ञान मंदिरात त्याच गावी वेदान्ताचा खल चालू असता, या गृहस्थांनी मात्र थेट पोटालाच साक्षीस बोलावले.

बडोद्यास राजरत्न माणिकरावांच्या आखाड्यात कमावलेले शरीर आणि नर्मदाकाठी मालसर येथे परमहंस माधवदासजींकडून मिळालेली दीक्षा, एवढ्या भांडवलावर त्यांनी १९२०-२१ च्या सुमारास आपल्या विद्यार्थ्यांना बडोद्याच्या इस्पितळात नेऊन उड्डियान व नौली यांची परीक्षा आरंभिली. श्वास पुरता सोडून पोट पाठीकडे ओढले की उड्डियान. त्या खळग्यातून पोटाचे दोन उभे स्नायू मुसळासारखे पुढे काढले की नौली. अशा वेळी मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेहून कमी भरतो, आणि म्हणूनच बस्तीचे, म्हणजे गुदमार्गे आतडे धुण्याचे, पाणी पिचकारीवाचून आत चढते, हे दाबमापकाने दाखवून दिले. त्या निर्वात स्थितीस गुण्यांनी गुरूचेच नाव दिले, हे मला त्या सगळ्या प्रयोगाहून अधिक हृद्य वाटते.

योगसूत्रे रचणाऱ्या पतंजलीच्या दरबारी मात्र नौलीस मुळी जागाच नाही. आसनाच्या वाट्यासही १९५ सूत्रांतील अवघी तीन आली आहेत, आणि उरलेला मुख्य व्यवहार चित्तवृत्तींचा निरोध, अभ्यास, वैराग्य व पुरुषाचे प्रकृतीपासूनचे वेगळेपण, म्हणजेच कैवल्य, यांचा आहे. तथापि ऑक्टोबर १९२४ मध्ये लोणावळ्यास काढलेल्या आश्रमाला गुण्यांनी ‘कैवल्यधाम’ म्हटले, त्यावरून आतड्यापाशी थांबण्याचा त्यांचा मानस नव्हता हे उघड आहे. पुढे सरकारदप्तरी मान्यता मिळाली ती मात्र पाऱ्याला व घड्याळाला जेवढे मोजता आले तेवढ्यालाच. आसने, प्राणायाम शाळेत दाखल झाले आणि पतंजलीच्या यमांतला अपरिग्रह, म्हणजे गरजेपलीकडे न साठवण्याचा नेम, जो हाती मोबाइल घेऊन बसलेल्या आजच्या चित्ताला सर्वांत आधी हवा, त्याच्यासाठी तपासणीच्या तक्त्यात रकानाच पडला नाही.