आकडा डिस्कचा की मेमरीचा?

१९५६ साली आयबीएमने रामॅक आणला. ५० तबकड्या, ५० लाख अक्षरे, आणि हवी ती नोंद सापडायला सरासरी ०.६ सेकंद. पुढे ऑपरेटिंग सिस्टिम हुशार झाली. एकदा वाचलेली फाइल ती मेमरीत जपून ठेवते आणि दुसऱ्यांदा तिथूनच देते. आकडा डिस्कचा वाटतो, असतो मेमरीचा. काल घोकून घेतलेला प्रश्नच आज परीक्षेत विचारावा, तसे हे!

१९९० च्या सुमारास टिम ब्रे यांनी 'बॉनी' हा चाचणीचा प्रोग्रॅम लिहिला. त्यातली युक्ती साधी: चाचणीची फाइल मेमरीपेक्षा मोठी घ्या. एसएसडी आल्यावर नवी फसगत सुरू झाली. काही कंट्रोलर डेटा दाबून लिहितात, त्यामुळे नुसती शून्ये लिहिणारी चाचणी तिथे भलताच वेग दाखवते.

येन्स अॅक्सबो यांना प्रत्येक कामासाठी वेगळी चाचणी लिहिण्याचा कंटाळा आला, त्यातून 'एफआयओ' जन्मले. मेमरी वगळून थेट डिस्कवर जा, तुकडे एवढे, वाचन इतके, लेखन इतके, असे त्याला सांगता येते. मला हीच पद्धत पटते. जुन्या उर्दू मासिकांचे स्कॅन साठवणाऱ्या वाचनालयाला मोठ्या फाइली सलग लिहायच्या असतात, बँकेला हजारो बारीक नोंदी विखरून. दोघांना एकच आकडा कसा चालेल? नव्या एसएसडीच्या पहिल्या मिनिटावर तर मुळीच जाऊ नये. ती भरत गेली की लेखन मंदावते, म्हणून चाचणी बराच वेळ चालू ठेवावी.