मुंगसाची वेल्समधली समाधी

वाफेचं लाल इंजिन सुस्कारा टाकतं आणि तुम्ही बेदगेलर्टच्या फलाटावर उतरता. रूळ नेरळ-माथेरानच्या गाडीइतकेच अरुंद, इंजिन मात्र भलतंच दांडगं. या गॅरेट इंजिनांनी पूर्वी दक्षिण आफ्रिकेत मालगाड्या ओढल्या आहेत. हा मार्ग 1923 मध्ये सुरू झाला, तेरा-चौदा वर्षांतच बुडाला आणि महायुद्धात त्याचे रूळ उखडून नेले. गाडी इथे पुन्हा आली ती 2009 मध्ये.

गाव म्हणावं तर चार गल्ल्या. काळ्या-करड्या दगडाची घरं, दोन नद्यांचा संगम आणि एक पूल. कोल्विन इथे ग्लासलिनला मिळते. चहूबाजूंनी एरीरीचे डोंगर आहेत आणि 1085 मीटरचं स्नोडन शिखर ढगात दडलेलं आहे. पाऊस पडेलच, तेव्हा जाकिटाची टोपी ओढून घ्या आणि नदीकाठानं दक्षिणेकडे चालू लागा.

शेतात झाडाखाली कुंपण घातलेली समाधी दिसते. पाटीवर वेल्श आणि इंग्रजीत एकच हकिकत कोरली आहे. तेराव्या शतकातला राजा लुएलिन शिकारीला जातो. त्याचा लाडका कुत्रा गेलर्ट त्या दिवशी सोबत नसतो. राजा परततो तर कुत्रा रक्तानं माखून शेपूट हलवत पुढे येतो. आत पाळणा उलटा पडलेला, बाळ दिसत नाही. राजा तलवार खुपसतो...

पुढचं सांगायला नकोच. पाण्याची घागर घेऊन येणारी ब्राह्मणी, उंबऱ्यावरचं रक्ताळलेल्या तोंडाचं मुंगूस आणि पाळण्याजवळ तुकडे होऊन पडलेला साप तुम्ही लहानपणीच पाहिलेत. इथे सापाचा लांडगा झाला आहे आणि घागरीची तलवार, एवढाच फरक.

आता तिथेच उभे राहा आणि सन मागे न्या. कुंपण नाहीसं होतं, पाटी नाहीशी होते. 1790 चं दशक संपत आलं आहे. तीन माणसं एक अवजड धोंडा ढकलत, घाम पुसत शेतातून येताहेत. त्यांच्यातला एक डेव्हिड प्रिचर्ड. दक्षिण वेल्समधून इथे आलेला, ‘गोट’ नावाच्या खाणावळीचा मालक. युरोपात युद्ध पेटलंय, त्यामुळे इंग्लंडचे हौशी श्रीमंत आल्प्सऐवजी वेल्सचे डोंगर बघायला येऊ लागलेत. डोंगर बघायला आलेला पाहुणा एक रात्र राहतो. डोंगराला गोष्ट असेल तर दोन रात्री राहील, हा हिशेब प्रिचर्डला नेमका कळला आहे. गावाच्या नावात ‘गेलर्टची कबर’ आहेच. ते नाव बहुधा कुठल्याशा जुन्या साधुपुरुषावरून पडलेलं. कुत्र्याशी त्याचा संबंध नाही. कबर तेवढी नव्हती, ती आत्ता तुमच्यासमोर होते आहे.

युक्ती लागू पडली. 1800 मध्ये विल्यम स्पेन्सर नावाच्या इंग्रज कवीनं गेलर्टवर कविता लिहिली आणि थेट हायडननं ती वेल्श चालीवर बसवली.

मला प्रिचर्डचा राग येत नाही. गोष्ट त्यानं रचलेली नाही, फक्त तिला पत्ता दिला. ती त्याच्या आधी हजारभर वर्षं वाटेवर होती. पंचतंत्राच्या पाचव्या तंत्रातून सहाव्या शतकात ती इराणात पहलवी भाषेत गेली, आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फानं ‘कलिला व दिम्ना’त अरबीत आणली. सात शहाण्यांच्या कथामालेतून ती युरोपात फिरली तेव्हा मुंगसाचा कुत्रा झालेला होता आणि चौदाव्या शतकात ही कथामाला वेल्शमध्येही उतरली होती. फ्रान्समध्ये तर या कुत्र्याचा संत झाला. तेराव्या शतकात एतिएन द बूर्बों हा धर्मगुरू लिओंजवळ गेला, तेव्हा बायका आजारी मुलांना घेऊन गिनफोर नावाच्या संताला नवस बोलायला जात होत्या. चौकशीअंती कळलं की संत म्हणजे पाळण्याशेजारी मारला गेलेला कुत्रा! त्यानं हाडं उकरून जाळली. नवस थांबले नाहीत. जोसेफ जेकब्स या लोककथांच्या अभ्यासकानं 1892 मध्ये गेलर्टची ही सगळी वंशावळ मांडली.

समाधीपासून चार पावलांवर सेंट मेरीचं चर्च आहे. तिकडे फारसं कोणी वळत नाही. तुम्ही वळा आणि 1286 मध्ये पोहोचा. जळक्या लाकडाचा वास अजून गेलेला नाही. इंग्लंडचा पहिला एडवर्ड नुकताच वेल्स जिंकून बसला आहे आणि ऑगस्टिनियन साधूंचा हा मठ आगीत होरपळला आहे. बँगरचा बिशप ॲनियन दानासाठी आवाहन करतो. बार्डसी बेट सोडलं तर वेल्समधला हा सर्वांत जुना मठ, असं त्याचं म्हणणं. पूर्वेच्या भिंतीत तीन उंच, निमुळत्या खिडक्या आहेत. त्या आजही तिथेच आहेत. खऱ्या लुएलिनचा काळ पाहिलेला दगड या गावात हवा असेल तर तो इथे शोधावा, शेतातल्या कुंपणात नव्हे.

पुढे वाट अरुंद होत नदीच्या अगदी कडेला येते. याला कोळ्यांची वाट म्हणतात. आबेरग्लासलिनच्या घळीत पाणी शिळांवरून कोसळतं, खडकाला धरायला लोखंडी कड्या ठोकल्या आहेत आणि पाऊल ओल्या शेवाळावर घसरतं. कड्यांना धरूनच सन बदला, हात सोडू नका. घळ संपते तिथल्या पुलावर याल तेव्हा 1805 असू द्या.

नाकात खारा वास येतो. आज पुलापलीकडे मेंढ्यांची सपाट कुरणं आहेत, पण 1805 मध्ये भरतीचं पाणी पार पुलापर्यंत चढलं आहे. समोर त्राइथ मावरची विस्तीर्ण खाडी. ओहोटीला वाळूवरून पलीकडे जाता येतं, मात्र वाटाड्या घेऊनच. वाळू आणि भरती दोघींचा भरवसा नाही. सहाच वर्षांत, 1811 मध्ये, खासदार विल्यम मॅडॉक्स खाडीच्या तोंडाशी सुमारे दीड किलोमीटरचा बांध पूर्ण करील. पुढल्याच वर्षी वादळ तो फोडील, पण दुरुस्ती होईल आणि समुद्र कायमचा मागे सरेल. खाडी गेली, जमीन मिळाली. खारफुटी भराव टाकून बुजवलेल्या मुंबईच्या माणसाला या व्यवहारातला नफा-तोटा वेगळा समजावायला नको.

नांतमोरहून कूम बिखनची चढण लागते. ओक, रोवन, मग नुसतं हेदर आणि त्यात तांब्याच्या खाणीच्या हवाई दोरमार्गाचे गंजके खांब. इथे घाईनं पुढे जाऊ नका, 1958 मध्ये मिनिटभर थांबा: खाली नांतमोरजवळ चक्क चीनमधलं तटबंदीचं शहर उभं आहे. इन्ग्रिड बर्गमनच्या चित्रपटासाठी ते बांधलंय आणि चिनी मुलं लिव्हरपूलहून आणली आहेत. या खोऱ्याला सोंगं घ्यायची हौस जुनीच.

चढ संपला की खाली लिन दिनास तळं आणि त्याच्या अलीकडे झाडीनं माखलेली टेकडी, दिनास एम्रिस. नवव्या शतकातला लॅटिन ग्रंथ सांगतो: सॅक्सनांपासून पळालेला राजा व्हॉर्टिगर्न इथे किल्ला बांधू लागला, पण दिवसा आणलेलं सामान रात्री गायब. शेवटी एका पोरानं सांगितलं, खाली तळं आहे आणि तळ्यात दोन सर्प झुंजताहेत, तांबडा आणि पांढरा. तांबडा जिंकणार होता. तोच आज वेल्सच्या झेंड्यावर ड्रॅगन होऊन बसला आहे.

निव्वळ भाकडकथा, असं म्हणून तुम्ही निघालात तर 1955 मध्ये अडखळाल. एच. एन. सॅव्हरी यांचे लोक माथ्यावर खणताहेत. त्यांना भूमध्य समुद्राकडून आलेल्या कुंभांची खापरं मिळाली आहेत, म्हणजे रोमन गेल्यानंतर इथे कोणी ऐपतदार सरदार नक्की राहत होता. आणि मिळालं आहे माणसांनी खोदलेलं एक पाण्याचं टाकं. ड्रॅगन अर्थातच नाहीत.

संध्याकाळी ‘गोट’मध्ये जा. सन 1821 नंतरचं कुठलंही चालेल. त्या साली प्रिचर्ड वारला. मृत्युपत्र केलं नव्हतं, आणि गावकरी सांगतात, तो रात्री या परिसरात फिरू लागला. अखेर त्यानं एका जुन्या गड्याला गाठलं आणि चुलीच्या दगडाखाली शंभर गिनी पुरल्यात, बायकोला सांग, म्हणाला. त्यातल्या दोन गड्यानं ठेवायच्या. दगड उचलला तर गिनी खरंच होत्या म्हणे. खोटी कबर उभारणाऱ्याची ही गोष्ट खरी मानायची की नाही ते तुम्ही ठरवा. मी असतो तर त्या गड्याच्या दोन गिनींची आधी चौकशी केली असती.