टेलिफोनचा नंबर राहतो कोठे?

टेलिफोनचा नंबर कोठे राहतो असे कोणी विचारले, तर आपण चटकन म्हणू, घरी. परंतु सास्तूरकरांनी या उत्तराशी जरा थांबावे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, घर किती क्षणांत नाहीसे होते ते या गावाने पाहिले आहे. पुढे भूकंपाच्या टापूतील ५२ गावे नव्या जागी वसविली गेली. घर गेले, गल्ली गेली, खांब गेला. मग नंबर कोणाचा आणि कोठला? या प्रश्नाचे उत्तर टेलिफोनच्या इतिहासात तीनदा बदलले आहे.

प्रारंभी नंबरच नव्हता. अमेरिकेतील न्यू हेवन येथे २८ जानेवारी १८७८ रोजी पहिले व्यापारी एक्स्चेंज उघडले, त्याचे ग्राहक २१. "अमक्यांना जोडा" म्हणावे, आणि फळ्यापुढच्या माणसाने दोरी जोडावी. पुढच्याच वर्षी लोवेल गावी गोवराची साथ आली. ऑपरेटर आजारी पडले तर बदली माणसाला कोणाचे भोक कोणते हे कळणार कसे, ही चिंता तेथील डॉक्टर मोझेस पार्कर यांना पडली व त्यांनी ग्राहकांना आकडे द्यावेत असे सुचविले, असे सांगतात. म्हणजे नंबराचा जन्मही एका संकटाच्या भीतीपोटीच झाला! आपल्याकडे १८८२ साली मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे एक्स्चेंजे निघाली, तीही याच दोरीच्या पद्धतीची.

मग स्ट्रोजर आला. हा कॅन्सस सिटीतला प्रेतसंस्काराचा व्यवसाय करणारा गृहस्थ. त्याला १८९१ साली स्वयंचलित यंत्राचे पेटंट मिळाले. त्याच्या यंत्रात ४७ फिरविले, की दांडा चार पायऱ्या वर चढे आणि सात घरे वळे. तेथे जी तार असेल तोच ४७. नंबर म्हणजे लोखंडातली जागाच झाली. हिंदुस्थानातले पहिले स्वयंचलित एक्स्चेंज सिमल्यास १९१३-१४ साली बसले, ७०० तारांचे. या यंत्राची मला मोठी गंमत वाटते. त्याचा खडखडाट ऐकून कुशल मिस्त्री बिघाड ओळखी. परंतु नंबर हलवावयाचा तर तारा उकलून पुन्हा जोडाव्या लागत.

तिसरा पालट १९६५ साली झाला. न्यू जर्सीतील सकासना येथे त्या वर्षी संगणकाच्या स्मृतीवर चालणारे एक्स्चेंज सुरू झाले. आपल्या देशात ही विद्या खेड्यापर्यंत आणण्याचे श्रेय सी-डॉट या संस्थेचे. १९८४ साली ती स्थापन झाली आणि जुलै १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे तिचे १२८ पोर्टांचे ग्रामीण एक्स्चेंज बसले. धूळ व उन्हाळा सोसून, थंड हवेच्या यंत्राविना चालेल अशीच त्याची रचना होती.

यात कपाटात एकाशेजारी एक कार्डे खोचलेली असतात. ग्राहकांच्या एका कार्डावर आठ तारा, म्हणजे आठ पोर्ट. कोणत्या खाचेतले कोणते कार्ड आणि त्यावरची कितवी तार, हा झाला पोर्टाचा पत्ता. त्यावर कोणता नंबर हे मात्र स्मृतीतली नोंद सांगते. आपल्याला सातबाऱ्याचा अनुभव आहेच. जमीन जागची हलत नाही, गट नंबरही तोच. फेरफार झाला की नाव बदलते. एक्स्चेंजमधले हे 'तार्किक पोर्ट' ठरविणे म्हणजे असाच फेरफार. कार्ड जळाले, माणूस दुसऱ्या आळीत राहावयास गेला, तरी नोंद बदलली की नंबर त्याच्यामागे येतो.

फेरफार चुकला म्हणजे काय होते, तेही आपण जाणतो! एक आकडा चुकला की एकाची घंटा दुसऱ्याच्या घरी वाजते. तार शाबूत, कार्ड शाबूत, आणि लाइनमन मात्र खांबावर चढून दोष शोधीत बसतो. दोन गावांना जोडणाऱ्या मार्गावर तर याहून बिकट. तेथे एका जोडणीवर काळाचे ३२ कप्पे पाडलेले असतात. ३० संभाषणांचे, एक ताल राखण्याचा आणि एक खुणांचा. दोन्ही टोकांच्या नोंदी जुळल्या नाहीत, तर शाबूत तारेवरही बोलणे होत नाही.

पुढे भ्रमणध्वनी आला आणि नंबराने घरच सोडले. २५ नोव्हेंबर २०१० रोजी हरियाणात व २० जानेवारी २०११ पासून देशभर, नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची मुभा मिळाली. आता नंबर ना घराचा, ना यंत्राचा, तो माणसाचा.

ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतू नेण्याच्या योजनेला २०११ साली मंजुरी मिळाली; २०१५ पासून तिला भारतनेट म्हणतात. या पद्धतीत एक्स्चेंजच्या कार्डावरील एकाच पोर्टातून निघालेला प्रकाश वाटेत फुटून ३२ किंवा ६४ ठिकाणी पोहोचतो. तो सर्वांकडे सारखाच जातो. प्रत्येक पेटी आपल्या खुणेचा मजकूर तेवढा उचलते. पेटी बदलली, पण तिचा अनुक्रमांक एक्स्चेंजच्या वहीत चढला नाही, तर प्रकाश दारापर्यंत येऊनही पेटीवरचा दिवा नुसता लुकलुकत राहतो.