घरच्यांना दिलेले दान हे दान असते का? (थ्रेड)

१८९४ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने बंगाल प्रांतातील एका मुस्लिम कुटुंबाच्या दाव्याचा निकाल दिला. दोन भावांनी आपली मालमत्ता वक्फ केली होती. उत्पन्न पिढ्यान्‌पिढ्या वंशजांना मिळावे आणि वंश पूर्णपणे खुंटल्यावरच ते विधवा, अनाथ व गोरगरिबांकडे जावे, अशी त्यात तरतूद होती. अशा वक्फास 'वक्फ-अलल-औलाद' म्हणतात.

लॉर्ड हॉबहाउस यांनी हा वक्फ रद्दबातल ठरवला. गरिबांचा वाटा इतका दूरचा, की तो केवळ धार्मिकतेचा मुलामा आहे, असा निकालाचा रोख होता. इंग्रजी कायद्यातील 'चॅरिटी' ही परक्यांसाठी, समाजासाठी असते. स्वतःच्या नातवंडांची सोय तीत बसत नाही.

इस्लामी परंपरेचे उत्तर मात्र निराळे आहे. अब्दुल्ला इब्न मसऊद यांच्या पत्नी झैनब यांनी प्रेषितांना विचारले होते, की आपण गरीब पतीवर आणि पदरी असलेल्या अनाथ मुलांवर खर्च केला तर ते दान ठरेल का? त्याचे पुण्य दुहेरी, एक नात्याचे व एक दानाचे, असे उत्तर मिळाल्याचे हदीस सांगते.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. जकात हे बंधनकारक दान. ते आईवडील वा मुलांना देता येत नाही, कारण त्यांचा सांभाळ हे मुळातच कर्तव्य आहे. झैनब यांच्या प्रश्नातील दान जकात होते की ऐच्छिक सदका, यावरही फकीहांत मतभेद आहेत. हनफी मतानुसार पत्नीची जकात पतीला चालत नाही. शाफई मतानुसार चालते. वक्फ मात्र ऐच्छिक असल्याने त्याला जकातीचे निर्बंध लागू नाहीत. कलकत्ता उच्च न्यायालयात न्या. सय्यद अमीर अली यांनी कौटुंबिक वक्फाची बाजू आधीच मांडली होती, पण ते अल्पमतात राहिले.

वादामागे निव्वळ धर्मश्रद्धाच होती असे नव्हे. वारसा कायद्याने मालमत्तेचे तुकडे होत. वक्फ जमीन विकता येत नसे, सावकाराच्या हातीही सहसा लागत नसे. निकालाने अनेक घराण्यांच्या पायाखालची जमीन सरकली ती यामुळे.

मौलाना शिबली नोमानी यांनी निकालाविरुद्ध लोकमत जागवले. मुंबईच्या मुस्लिम मतदारांनी कायदे कौन्सिलात पाठवलेले बॅरिस्टर महंमद अली जिना यांनी १९११ मध्ये विधेयक मांडले आणि मार्च १९१३ मध्ये ते कायदा झाले. कौटुंबिक वक्फ वैध ठरला. अट एकच, अंतिम लाभ गरिबांसाठी किंवा कायमस्वरूपी धर्मकार्यासाठी राखलेला हवा.

पण १९१३ पूर्वीच्या वक्फांचे काय? कायदा त्यांना लागू नाही, असे प्रिव्ही कौन्सिलने पुढे ठरवले. त्या जुन्या दस्तांना संरक्षण मिळण्यासाठी १९३० चा दुसरा कायदा यावा लागला.