विद्युत कॉन्टॅक्टची झीज

रिले, कॉन्टॅक्टर, मोटर-स्टार्टर यांत विद्युत मंडल जोडणाऱ्या व तोडणाऱ्या धातूच्या जोडीचा ऱ्हास. तो घर्षणापेक्षा आर्कमुळे (कॉन्टॅक्टांमधल्या फटीत पेटणाऱ्या विद्युत ठिणगीमुळे) अधिक होतो. कॉन्टॅक्ट विलग होताना पृष्ठभागावरचा ठिपका वितळतो. काही धातू वाफ होऊन जातो, काही थेंबांनी उडतो. मंडल जुळताना कॉन्टॅक्ट क्षणभर उसळतात, वितळलेले ठिपके एकमेकांत गोठतात आणि जोडी चिकटते. एकदिश प्रवाहात धातू एकाच दिशेने सरकत राहतो, म्हणून एका बाजूस खड्डा व दुसरीस उंचवटा येतो.

चांदी सर्व धातूंत सर्वाधिक सुवाहक, पण मऊ, ९६२° से.ला वितळते. तीत १० ते १५ टक्के कॅडमियम ऑक्साइड मिसळले की आर्कच्या उष्णतेने त्याचे विघटन होते, त्यात उष्णता शोषली जाते आणि पृष्ठभाग स्वच्छ राहतो. कॅडमियम विषारी असल्याने त्याची जागा कथिल ऑक्साइड घेत आहे. मात्र ते सहजी विघटित होत नाही. त्याचे कण वितळलेल्या चांदीवर साचतात, रोध वाढतो, कॉन्टॅक्ट तापतो. बिस्मथ किंवा टंगस्टन ऑक्साइड अल्प प्रमाणात घातल्यास चांदी या कणांना नीट भिजवते व ते साचत नाहीत. चांदी-ग्रॅफाइट चिकटत नाही, पण लवकर झिजते.

टक्केवारी तीच असूनही आयुष्य बदलते ते घडणीमुळे. अंतर्गत ऑक्सिडीकरणात मिश्रधातूची पट्टी ऑक्सिजनमध्ये तापवतात. ऑक्सिजन दोन्ही बाजूंनी आत शिरत असल्याने मधला थर ऑक्साइडविना राहू शकतो. झीज तिथवर पोचली की चिकटण्याचा धोका वाढतो. कथिल सुमारे ४ टक्क्यांपेक्षा जास्त असल्यास वरच घट्ट साय धरते आणि ऑक्सिजन अडतो, म्हणून इंडियम घालावे लागते. चूर्ण धातुविज्ञानाच्या पद्धतीत भुकटी मिसळून, दाबून, भट्टीत तापवून साच्यातून रेटतात. यात कण सारखे पसरतात. पण छिद्रे उरली तर आर्कखाली थर सुटतात. फार बारीक कणांनी धातू कठीण होतो आणि त्याचे रिव्हेट घडवताना तडे जातात. यामुळे कॉन्टॅक्ट निवडताना रासायनिक घटकांइतकीच घडणीची पद्धत विचारणे आवश्यक आहे.

पंपाच्या स्टार्टरमधले काळे पडलेले चांदीचे कॉन्टॅक्ट (पॉइंट) कानशीने घासू नयेत: काळेपणा आर्कचा नेहमीचा परिणाम असतो, आणि घासण्यात जाते ती कामाची चांदी. ती संपत आली असेल, तर पॉइंटची पूर्ण जोडी बदलावी.