सी हॉक

सी हॉक : विमानवाहू नौकेवरून उडणारे, एक आसनी, एक इंजिनाचे ब्रिटिश जेट लढाऊ विमान, ‘विक्रांत’ या नौकेवरचे भारतीय नौदलाचे पहिले लढाऊ विमान (पहा : विमानवाहू नौका).

हॉकर कंपनीच्या मूळ नमुन्याचे पहिले उड्डाण २ सप्टेंबर १९४७ रोजी झाले. भारतीय नौदलाचे ३०० क्रमांकाचे पथक, म्हणजेच ‘व्हाइट टायगर्स’, १९६० मध्ये या विमानांसह उभे राहिले. पुढे गोव्यातील दाबोळी हा त्यांचा किनाऱ्यावरील तळ झाला (पहा : आय.एन.एस. हंसा).

नीन इंजिनाचा झोत शेपटीतून न सोडता दुभागून पंखांच्या मुळाशी बाहेर काढला होता. या कल्पक रचनेमुळे मागील धडात इंधनाला जागा मिळाली. शस्त्रे : २० मिमी.च्या चार तोफा, शिवाय बाँब व रॉकेटे. पंख दुमडत; उतरताना शेपटीचा आकडा डेकवरील तारेत अडके.

१९७१ च्या युद्धात बाष्पित्रातील बिघाडामुळे ‘विक्रांत’चा वेग मर्यादित होता. तरीही ४ डिसेंबरला तिच्यावरील सी हॉक विमानांनी कॉक्स बाजारवर हल्ला चढवला. नंतर चितगाव, खुलना, मोंगला ही बंदरे लक्ष्य झाली. पूर्व पाकिस्तानची सागरी कोंडी घट्ट करण्यात या विमानांचा वाटा मोठा होता (पहा : बांगला देश मुक्तियुद्ध).

१९८३ मध्ये त्यांची जागा सी हॅरिअरने घेतली. दाबोळीजवळच्या नौदल हवाई संग्रहालयात एक सी हॉक जतन केले आहे.