स्लॉट मशीनची परतावा टक्केवारी

स्लॉट मशीनवर लावलेल्या एकूण रकमेपैकी बक्षिसांच्या रूपाने खेळणाऱ्यांकडे परत जाणारा सरासरी हिस्सा. ही लाखो डावांची सरासरी असल्याने एका बैठकीत ती दिसेलच असे नाही. परतावा ९५% असल्यास कॅसिनोचा वाटा ५% राहतो. दर डावाला १० रुपये लावून ५०० डाव खेळल्यास एकूण पण ५,००० रुपयांचा व अपेक्षित तोटा २५० रुपयांचा होतो. जिंकलेले पैसे पुन्हा लावल्यास हा तोटा वाढतो. आधुनिक यंत्रांत प्रत्येक डावाचा निकाल यादृच्छिक संख्याजनकाने स्वतंत्रपणे ठरतो. मागील हारजितीवरून पुढचा अंदाज बांधता येत नाही. अमेरिकेतील नेव्हाडा राज्यात किमान ७५%, तर न्यू जर्सीत ८३% परतावा नियमाने बंधनकारक आहे.